अंतर पाठ आहे, मोजणी कुठे आहे?

गेल्या हिवाळ्यात एका आंतरशालेय प्रश्नमंजूषेला मी पाहुणा म्हणून बसलो होतो. प्रश्न आला: मृग नक्षत्रातला काक्षी तारा आपल्यापासून किती प्रकाशवर्षं दूर आहे? आठवीतली एक मुलगी जरा विचार करून म्हणाली, "पाचशे ते सातशेच्या मध्ये कुठेतरी." घंटा वाजली. उत्तर चूक. प्रश्न शेजारच्या शाळेकडे गेला, तिथल्या मुलाने "सहाशे बेचाळीस!" असं ठणकावलं, टाळ्या पडल्या, दहा गुण. संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर जुंपली. एका बाजूचं म्हणणं, असल्या प्रश्नांचा आयुष्यात उपयोग काय, त्यापेक्षा मुलांना कोडिंग शिकवा. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, स्पर्धा परीक्षेत हे विचारतात, तेव्हा आकडे पाठ हवेतच. मध्येच कुणीतरी आपल्या पूर्वजांना सूर्याचं अंतर आधीच ठाऊक असल्याचा फॉरवर्ड टाकला आणि मूळ वाद त्याखाली गाडला गेला. शंभरेक संदेशांत एकानेही विचारलं नाही, की हा सहाशे बेचाळीस आला कुठून?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ताऱ्यांची अंतरं शाळेत शिकवू नयेत. ती मोजतात कशी, तेवढं शिकवावं. आणि मुलाला पद्धत सांगता आली पण उत्तर चुकलं, तर त्याला पद्धतीशिवाय बरोबर उत्तर देणाऱ्यापेक्षा जास्त गुण द्यावेत.

त्या मुलीचंच घ्या. काक्षीचं अंतर ताऱ्यांच्या जागा मोजणाऱ्या हिप्पार्कस उपग्रहाच्या १९९७ च्या यादीवरून सुमारे ४२७ प्रकाशवर्षं निघत होतं. २००८ मध्ये रेडिओ निरीक्षणं जोडून ते सुमारे ६४० वर गेलं, तेही शे-दीडशे इकडे-तिकडे धरून. २०१७ मध्ये सातशेच्या वर, २०२० मध्ये पुन्हा साडेपाचशेच्या आसपास. शास्त्रज्ञ बेफिकीर आहेत म्हणून असं होत नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणून तारा वर्षभरात जागचा जरासा सरकलेला दिसतो, आणि त्या सरकण्यावरूनच अंतर काढतात. पण हा तारा इतका फुगलेला आहे, की त्याची आकाशात दिसणारी तबकडीच त्याच्या वार्षिक सरकण्याच्या कित्येक पट मोठी भरते. त्यात पृष्ठभागावर प्रचंड तेजस्वी डाग उमटतात आणि विरतात, त्यामुळे ताऱ्याचा 'मध्य' म्हणून जो बिंदू धरायचा तोच डळमळतो. रांगोळीचा ठिपका किती सरकला ते सांगता येतं, उकळत्या आमटीचा मध्य किती सरकला ते कसं सांगणार? गैया या अलीकडच्या यानालाही काक्षी झेपला नाही, कारण तो फार तेजस्वी. तेव्हा "पाचशे ते सातशेच्या मध्ये" हे त्या सभागृहातलं एकमेव शास्त्रीय उत्तर होतं आणि त्यावर आपण घंटा वाजवली.

आता विरोधकांचा सगळ्यात वजनदार मुद्दा. ज्या शाळांत आठवीच्या मुलांना भागाकार नीट येत नाही, तिथे ताऱ्यांच्या गप्पा कशाला? हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळांत गेलो आहे, परिस्थिती पाहिली आहे. एनसीईआरटीने २०२२ मध्ये पुस्तकं हलकी केली तेव्हा अकरावीच्या भौतिकशास्त्रातून मोठी अंतरं मोजण्याचा, म्हणजे पराशय पद्धतीचा भाग गेला. राज्य मंडळाच्या २०१९ च्या पुस्तकात तो आहे. एनसीईआरटीतून तो गेल्याचं मला दुःख झालं, पण खरं सांगायचं तर फार नाही. कारण तो होता तेव्हाही काय होता? एक आकृती, एक सूत्र, आणि परीक्षेत कोन दिलेला, अंतर काढा. कोन कुणी मोजला, कशाने मोजला, किती वेळा मोजला, काही नाही. दहावीच्या भूमितीत दीपस्तंभावरून जहाज दिसतं आणि अवनत कोन दरवर्षी बरोबर साठ अंशांचा येतो, तसंच. पण भागाकाराच्या मुद्द्याचं उत्तर याच आकृतीत आहे. अंगठा समोर धरा, एक डोळा मिटा, मग दुसरा मिटा. अंगठा मागच्या भिंतीवर सरकतो. हे सरकणं म्हणजेच पराशय. डोळ्यांमधलं अंतर सुमारे सहा सेंटिमीटर, हात साठ सेंटिमीटर. दहास एक. इथे भागाकार आहे, गुणोत्तर आहे, समरूप त्रिकोण आहे, आणि मुलाला पहिल्यांदाच तो स्वतःच्या कामासाठी लागतो आहे. भागाकार येत नाही म्हणून मोजणी नको, हे पोहता येत नाही म्हणून पाणी नको म्हणण्यासारखं आहे.

दुसरा आक्षेप जास्त बुद्धीचा आहे. एका शिक्षकमित्राने मला तो तोंडावर ऐकवला: "अंगठा ठीक आहे हो, पण ताऱ्याचा पराशय शाळेत कोणी मोजू शकणार आहे का? शेवटी तेही आमच्या शब्दावर विश्वास ठेवूनच घ्यायचं. मग सहाशे बेचाळीसने काय घोडं मारलंय?" बरोबर आहे. १८३८ मध्ये केनिग्सबर्गच्या फ्रीडरिश बेसेलने हंस तारकासमूहातल्या ६१ सिग्नी या अंधुक ताऱ्याचा पराशय काढला, तो एका विकलेच्या (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) एकतृतीयांशाच्या आसपास, ०.३१४ विकला होता. शनिवारवाड्यापाशी कुणीतरी पेढा हातात धरून उभं राहावं आणि सरळ रेषेत वीस किलोमीटरवरच्या सिंहगडावरून त्या पेढ्याची रुंदी मोजावी, इतका तो कोन. गैयाने तर त्याच्या हजारो पट पुढे मजल मारली: नागपुरातल्या माणसाच्या केसाची जाडी मुंबईतून मोजावी तशी. हे शाळेच्या गच्चीवरून होणार नाही, कबूल.

पण चंद्राचं होतं. चंद्र कृत्तिकांजवळून जातो त्या रात्री मुंबई आणि नागपूरच्या दोन शाळांनी ठरवून एकाच मिनिटाला फोटो काढले, तर दोन फोटोंत चंद्र ताऱ्यांच्या मागल्या पडद्यावर त्याच्या तबकडीच्या पाचव्या हिश्शाएवढा सरकलेला दिसेल. फोटो लंडनच्या मावशीकडून मागवला, तर सरकणं इतकं मोठं येतं की मोजायला पट्टी पुरते. आज घराघरात कुणीतरी परदेशी आहे. व्हिडिओ कॉलवर "जेवलास का" विचारून झाल्यावर हेही विचारता येईल. एकदा चंद्र स्वतःच्या हाताने मोजला, की बेसेलवरचा विश्वास हा आंधळा विश्वास राहत नाही. पहिली पायरी आपण चढलो, पुढची तीच युक्ती जास्त लांब पायावर, जास्त बारीक कोनावर आहे हे कळतं. दोन शहरांऐवजी पृथ्वीच्या कक्षेची दोन टोकं, एका मिनिटाऐवजी सहा महिने. डॉक्टरवर विश्वास ठेवणारा आणि बाबावर विश्वास ठेवणारा दोघंही विश्वासच ठेवतात, म्हणून ते सारखे होतात का?

गावाकडच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. बांधावरून भांडण झालं की सरकारी मोजणी मागवतात आणि भूकरमापक आला की म्हातारा शेतकरी पहिला प्रश्न विचारतो, "कोणत्या खुणेपासून धरलंय साहेब?" खूण चुकली तर पुढचं सगळं चुकणार, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. खगोलशास्त्राच्या अंतरांचा सगळा डोलारा नेमक्या याच प्रश्नावर उभा आहे. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ शंभर फुटी पोलादी साखळीने सुमारे बारा किलोमीटरची पायारेषा मोजली आणि त्या एका रेषेवर त्रिकोणामागून त्रिकोण रचत तो उत्तरेला सरकत राहिला. १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला तो वारला, मोजणी अर्धवट ठेवून. उन्हाने साखळी किती वाढली याचाही हिशेब ठेवणारा हा माणूस आमच्या पुस्तकांत 'सर्वेक्षणाचा आरंभ' एवढ्या दोन शब्दांत उरकला जातो. हिंगणघाटच्या किती मुलांना त्याचं नाव माहीत आहे, हा प्रश्न मी तिथे विचारून पाहिलेला नाही. धैर्य झालं नाही.

इतिहास सांगण्याच्या आपल्या पद्धतीत तर मला सगळ्यात जास्त दोष दिसतो. कोपर्निकसने १५४३ मध्ये पृथ्वी फिरते असं सांगितलं, अडाणी लोकांनी विरोध केला, शेवटी सत्याचा विजय झाला. टिळा लावून मोकळे. पण टायको ब्राहे अडाणी होता का? दुर्बीण नसताना एका कलेच्या, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाच्या आसपास अचूकता गाठणारा हा निरीक्षक म्हणत होता: पृथ्वी फिरत असेल तर सहा महिन्यांनी तारे जागचे हललेले दिसले पाहिजेत, मला तर ते हलताना दिसत नाहीत. म्हणजे एकतर पृथ्वी स्थिर आहे, नाहीतर तारे अचाट दूर आहेत. आणि तारे इतके दूर असूनही डोळ्याला एवढे मोठे दिसत असतील, तर एकेक तारा पृथ्वीच्या अख्ख्या कक्षेएवढा असला पाहिजे. हे हास्यास्पद नाही का? युक्तिवादात कुठेही फट नाही. चुकलं ते एवढंच, की ताऱ्याचा तो डोळ्याला दिसणारा आकार खरा नसून डोळ्याचा आणि प्रकाशाचा खेळ होता. टायकोने मागितलेला पुरावा बेसेलने दिला, कोपर्निकसनंतर २९५ वर्षांनी. मधल्या काळात जेम्स ब्रॅडली कालेय तारकासमूहातल्या एका ताऱ्याचा पराशय शोधायला बसला. तारा सरकला खरा, पण भलत्याच दिशेने. ते पृथ्वीच्या वेगामुळे प्रकाशकिरण तिरपा भासण्याने होत होतं. म्हणजे पृथ्वी फिरते याचा पहिला थेट पुरावा असा शोधायला गेलो एक आणि हाती लागलं दुसरं या वाटेने आला. हे सगळं वगळून आपण मुलांना सांगतो, की शहाणे जिंकले आणि मूर्ख हरले. यातून मूल काय शिकतं? कोणाच्या बाजूने उभं राहायचं, एवढंच.

आणि नेमका आकडा सांगण्याची हौस काही प्रश्नमंजूषेने शोधलेली नाही. सतराव्या शतकात ख्रिस्तियान ह्युजेन्सने सूर्याचा प्रकाश बारीक छिद्रातून कमी करत करत व्याधाच्या तेजाइतका आणला आणि व्याध सूर्यापेक्षा २७,६६४ पट दूर असल्याचं काढलं. शेवटच्या चारापर्यंत! खरं अंतर सुमारे साडेपाच लाख पट आहे. व्याध सूर्याइतकाच प्रखर असणार हे त्याने धरून चाललं होतं, आणि दिवसा पाहिलेल्या ठिपक्याची तुलना रात्रीच्या ताऱ्याशी आठवणीवर केली होती. पण त्याने काय धरून चाललो ते लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला त्याची चूक कुठे झाली ते दाखवता येतं. सहाशे बेचाळीसवाल्या मुलाची चूक दाखवताच येत नाही, कारण त्याने काही केलेलंच नाही.

इथे तो पूर्वजांचा फॉरवर्ड आठवतो. एका स्तोत्रातल्या ओळीतले शब्द गुणून सूर्याचं अंतर काढणारा. मला त्यात पूर्वजांचा गौरव नव्हे, अपमान दिसतो. कारण सूर्यसिद्धान्त या आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथात सूर्याचं अंतर काढण्याची स्वतःची रीत आहे आणि ती दहावीच्या मुलाला समजते. सगळे ग्रह रोज सारखीच योजनं चालतात असं गृहीत धरलं आहे. चंद्राला फेरीला साडेसत्तावीस दिवसांच्या आत लागतात, सूर्याला ३६५ पेक्षा थोडे जास्त, म्हणून सूर्य चंद्राच्या सुमारे १३ पट दूर. प्रत्यक्षात तो ३९० पट आहे. गृहीतकच चुकीचं निघालं. पण चंद्राचं अंतर? ग्रहणाच्या गणितासाठी आपले ज्योतिर्विद ज्याला लंबन म्हणत, ती म्हणजे हीच अंगठ्याची युक्ती. सूर्यसिद्धान्ताप्रमाणे चंद्र पृथ्वीच्या त्रिज्येच्या चौसष्ट-पासष्ट पट दूर येतो. आजचा आकडा साठ. ग्रीसच्या अरिस्टार्कसने अर्धचंद्राच्या वेळी कोन ८७ अंश धरून सूर्याला चंद्राच्या १९ पट दूर ठेवलं. तोही चुकला, त्याचाही कोन फसला. हे दोघं एका बाकावर बसतात. फॉरवर्डवाला त्या बाकावर बसत नाही, कारण उत्तर आधी माहीत असलेल्या माणसाला गुणाकार कुठलाही जुळवता येतो.

आणि उत्तरावरून गुणाकार जुळवणं आपण मुलांना कुठे शिकवतो, माहीत आहे? प्रयोगशाळेत. साध्या लंबकाचा प्रयोग ज्याने केलाय त्याने मनाशी कबूल करावं. गुरुत्वत्वरण ९.८ यायला हवं, म्हणून मागच्या वर्षीच्या जर्नलवरून रीडिंग उतरवायची, एखादं दशांशात हलवायचं म्हणजे नक्कल वाटणार नाही. मीही केलंय. सरांनी लाल शाईने 'उत्तम' लिहिलं होतं. खरोखर मोजून ९.४ आणणाऱ्या माझ्या मित्राला पुन्हा करायला लावलं, आणि तो दुसऱ्यांदा शहाणा झाला. ज्या व्यवस्थेत अकरावीतला मुलगा हे करून गुण मिळवतो, तिथे व्हॉट्सॲपवरच्या गुणाकाराला तो भुलणार नाही अशी अपेक्षा कशी ठेवायची?

तिसरा आक्षेप मला रात्री झोपू देत नाही, म्हणून तो शेवटी ठेवला. मुलांना सांगितलं की काक्षी आधी ४२७ होता, मग ६४० झाला, मग ७२०, मग ५५०, तर ती म्हणणार नाहीत का, की शास्त्रज्ञांना तरी कुठे काय कळतंय? लस, हवामान, सगळ्याबद्दल आज हेच म्हणणारी तोंडं कमी आहेत का? भीती खरी आहे. पण उपाय आकडा दगडात कोरण्याचा असेल, तर तो दगड फुटला की काहीच उरत नाही. कृत्तिकांचं उदाहरण पाहा. हिप्पार्कसने त्यांचं अंतर चारशे प्रकाशवर्षांच्या आत काढलं, इतर सगळ्या रीतींनी ते चारशे तीस-चाळीस येत होतं. पंधरा-वीस वर्षं वाद चालला. उपग्रह इतका महागाचा, म्हणून त्याचंच खरं, असं कुणी म्हटलं नाही. वेगळ्या रीतीने, रेडिओ दुर्बिणींनी पुन्हा मोजलं, मग गैयाने मोजलं आणि दोघांचंही उत्तर चारशे चाळीसच्या आसपास आलं. १९५२ मध्ये वॉल्टर बाडे यांनी दाखवलं, की अंतर मोजायला वापरलेले सेफीड, म्हणजे ठरावीक काळाने तेज कमीजास्त होणारे तारे दोन जातींचे आहेत आणि एका जातीची मोजपट्टी आपण दुसरीला लावत होतो. देवयानी दीर्घिका एकदम सुमारे दुप्पट दूर गेली. त्याआधी विश्वाचं वय पृथ्वीवरच्या खडकांपेक्षा कमी भरत होतं, तो घोळही त्यामुळे निवळू लागला. आकडा बदलला तो कुणाच्या मर्जीने नाही, कोणती खूण हलली ते सांगून. लहरीने बदललेला आकडा आणि कारणाने बदललेला आकडा यातला फरक ज्या मुलाला कळतो, त्यालाच उद्या लसीबद्दलचा सल्ला बदलला तर तो का बदलला हे विचारण्याचं भान येईल. ज्याला फक्त सहाशे बेचाळीस दिलंय, त्याने उद्या साडेपाचशे वाचलं तर तो तुमचं पुस्तक फेकून देईल, आणि त्याचं फारसं चुकणारही नाही.

परीक्षेत हे कसं बसवायचं, असं मंडळवाले विचारतील. त्यात अवघड काही नाही. कोन देऊन अंतर काढा म्हणण्याऐवजी पाच गटांनी मोजलेले पाच कोन द्या आणि विचारा, या ताऱ्याच्या अंतराबद्दल किती खात्रीने बोलता येईल? चुकीचं गृहीतक घातलेला एक हिशेब द्या आणि गृहीतक शोधायला सांगा. तपासायला वेळ लागेल, मान्य. पण आपल्याला मुलं मोजायला शिकवायची आहेत की तपासनिसाची सोय बघायची आहे?

त्या प्रश्नमंजूषेनंतर महिन्याभराने त्या मुलीच्या शाळेत गेलो. ओढ्यापलीकडे एक माड आहे, तो किती दूर आहे ते ओढा न ओलांडता काढायचं ठरवलं. वीस पावलांची पायारेषा, कोनमापकाला बांधलेल्या स्ट्रॉ, सहा गट. उत्तरं आली एकतीस मीटरपासून सत्तेचाळीसपर्यंत. मग दोन मुलं काथ्याची दोरी घेऊन ओढ्यात उतरली. दोरी निघाली अडतीस, पण मध्ये झोळ होता, म्हणून तीही खरी धरायची की नाही यावर पुन्हा भांडण. त्या गडबडीत मागच्या बाकावरचा एक जण जर्नल उघडून माझ्याकडे आला. "सर, यातलं कुठलं लिहू?" मी म्हटलं, सगळी लिही, दोरीचा झोळसुद्धा. त्याने वही माझ्यासमोर धरली. उत्तरासाठी छापलेला रकाना एकच होता.